बाबांची इच्छा तोंडी होती, माझी कागदावर हवी आहे

लाल_शाई

बाबा जाऊन 14 महिने झाले. त्या दिवसाबद्दल अजून कुणाशी नीट बोललेले नाही, म्हणून थोडं लांबेल.

बाबांनी आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली. देव मानत नव्हते, पण त्याचा गाजावाजा कधी केला नाही. आई श्रद्धाळू. तिची रोजची प्रार्थना सुरू झाली की ते रेडिओचा आवाज कमी करायचे, संपली की पुन्हा वाढवायचे. 49 वर्षांचा संसार असा झाला.

स्वतःच्या मरणाबद्दल मात्र त्यांचं ठरलेलं होतं. मला निदान पाच-सहा वेळा सांगितलं असेल: डोळे द्या, शरीर जाळा, कुणी काही म्हणू नका. मी दर वेळी "हो बाबा" म्हणाले. लिहून काही घेतलं नाही. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांची शेवटची इच्छा एका चिठोऱ्यावरसुद्धा नव्हती.

पहाटे पाचच्या सुमारास गेले. सातपर्यंत घर भरलं. थोरले काका, आत्या, दादाचे सासरे, शेजारपाजारचे. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. प्रत्येकाला काय करायचं ते ठाऊक होतं, मला नव्हतं, एवढाच फरक. फोन कुणाकुणाला करायचे, गाडी कोण सांगणार, विधी सांगायला कोण येणार, सगळं माझ्यासमोर भराभर ठरत गेलं. दादाला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "बाबांना हे नको होतं." तो म्हणाला, "आत्ता नको गं." मी गप्प बसले.

विधी सांगणाऱ्या गृहस्थांनी बाबांचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. मी पुढे होऊन दुरुस्त केलं. त्या अख्ख्या सकाळी चारचौघांत मी बोलले ते तेवढंच.

दुपारी दोनला घरी परतलो. टेबलावर त्यांचा चष्मा होता. तो पाहिला आणि मला डोळे आठवले. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत काढावा लागतो. तोवर 9 तास होऊन गेले होते, आणि शरीर तर उरलंच नव्हतं. डोळे द्यायला कुणी नाही म्हणालं नव्हतं. काकांना विचारलं असतं तर बहुतेक त्यांनीच फोन लावला असता. मला विचारायचं सुचलं नाही. त्या सकाळी जे काही म्हटलं गेलं, त्याचं मला आता फारसं वाटत नाही. डोळ्यांचं वाटतं. रोज वाटतं.

आणखी एक गोष्ट. विधी करताना दादा लहान मुलासारखा रडला, आणि उठला तेव्हा मोकळा झालेला दिसला. मला ते मोकळं होणं मिळालं नाही. पण माझं ऐकलं गेलं असतं तर त्याला ते मिळालं नसतं, हेही मला दिसतं. यातलं काय बरोबर, ते मला अजून ठरवता येत नाही.

एकदा जीवशास्त्राच्या एका पुस्तकाची प्रूफं घरी आणली होती तेव्हा बाबांनी मला डार्विनच्या शेवटाबद्दल सांगितलं होतं. घरच्यांनी धरलं होतं की त्याला डाऊन गावातच, चर्चच्या आवारात पुरायचं. तो 19 एप्रिल 1882 ला गेला, आणि आठवड्याभरात वैज्ञानिक मित्रांनी आणि काही खासदारांनी खटपट करून त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ख्रिस्ती प्रार्थनांसह पुरलं. स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवून घेणारा माणूस. शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र हक्सली होता, ज्याने 1869 मध्ये तो शब्दच घडवला. सांगून झाल्यावर बाबा म्हणाले होते, "मेलेल्या माणसाला आपलं प्रूफ तपासता येत नाही."

मी 46 वर्षांची आहे. तब्येत बरी आहे. घरात नवरा आहे, तो माझ्यासारखाच न मानणारा, आणि 17 वर्षांची मुलगी. आई आहे, दादा आहे. मला माझं लिहून ठेवायचं आहे. इथले तुम्ही न मानणारे लोक धार्मिक अंत्यविधीला जाता तेव्हा कसे उभे राहता? आणि स्वतःचं ठरवताना, ज्यांचा विश्वास आहे अशा आपल्या माणसांना काय सांगितलंत?

उंबरठा

माझी गोष्ट उलट बाजूची आहे. माझा विश्वास विशीतच गेला, आई मात्र शेवटपर्यंत श्रद्धाळू. जाण्याच्या दोन वर्षं आधी तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, "तू मानत नाहीस, मला ठाऊक आहे. तरी माझं सगळं करशील का?" मी हो म्हणालो. आणि केलं. जे जे म्हणायला सांगितलं ते शब्द न् शब्द म्हणालो.

एका जुन्या मित्राने नंतर तोंडावर सांगितलं की हे ढोंग आहे. मी त्यावर बराच विचार केला. माझ्या मते ते शब्द ऐकायला वर कुणी नाही. मग मी फसवलं कुणाला? जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांना माझी मतं माहीत होती. आईला तर सगळ्यात आधी माहीत होती, आणि तरीही तिने मलाच विचारलं. तिला दिलेला शब्द होता, तो पाळला.

म्हणूनच तुमच्या बाबांचं वाचून फार वाईट वाटलं. माझ्या आईला हवं ते मिळालं, कारण तिने विचारलं, आणि त्या दिवशी जो पुढे उभा असणार त्यालाच विचारलं. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं, पण पुढे उभा होता तुमचा दादा. त्याला ते कधी थेट बोलले होते का?

कसं उभं राहायचं, याचं सांगतो. हात जोडायचे की नाही यावर मी तरुणपणी फार डोकं शिणवलं. एकदा तर जाणूनबुजून हात मागे बांधून उभा राहिलो होतो. गेलेल्या माणसाच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तिथे माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं. आता सगळे उभे राहिले की उभा राहतो, मान खाली घालतो, ओठ हलवत नाही. आणि काहीतरी काम मागून घेतो. डॉक्टरांचा दाखला आणायचा असतो, लांबून येणाऱ्यांना घ्यायला जायचं असतं, म्हाताऱ्यांना बसायला जागा करून द्यायची असते. घरातल्या माणसाजवळ गेलो की गेलेल्याची एखादी आठवण सांगतो. "देवाची इच्छा" वगैरे माझ्या तोंडून येत नाही. त्याच्याऐवजी खरंखुरं काहीतरी सांगायला हवं ना.

कलमदान

वकिलाच्या कार्यालयात 22 वर्षं काम करते आहे, त्या अनुभवावरून थोडक्यात.

लोक अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात लिहितात आणि मृत्युपत्र कपाटात ठेवतात. ते उघडलं जातं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. शिवाय मृत्युपत्रात लिहिलं म्हणजे ते बंधनकारक झालं, असंही अनेक ठिकाणी नसतं. इंग्लंडमधला विल्यम्स विरुद्ध विल्यम्स हा 1882 चा खटला यातला जुना दाखला. एका गृहस्थाने आपलं दहन व्हावं असं मृत्युपत्रात आणि पत्रात लिहून ते काम एका मैत्रिणीवर सोपवलं होतं. घरच्यांनी त्याला पुरलं. तिने पुढे ते शव बाहेर काढून मिलानला नेलं, दहन केलं आणि खर्च मागितला. न्यायालयाने सांगितलं की मृत शरीर ही कुणाची मालमत्ता नाही, म्हणून त्याची विल्हेवाट कशी लावायची हे मृत्युपत्राने कुणावर लादता येत नाही. कायदा देशागणिक वेगळा आहे, तुमच्याकडचा जाणकाराला विचारून घ्या. पण कागदाच्या जोरावर घरच्यांना अडवता येईल या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा मृत्युपत्रापासून वेगळं, एका पानाचं पत्र लिहा. तारीख घाला, सही करा, साक्षीदारांच्या सह्या घ्या. निर्णय कोण घेणार त्या एका माणसाचं नाव घाला, तो नसेल तर दुसऱ्याचं. प्रती निदान तिघांकडे द्या, आणि त्यातला एक जण असा असावा की जो तुमच्याशी सहमत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम सांगते. ज्याला आधी कळलेलं असतं तो त्या दिवशी सहसा भांडत नाही. अचानक कळलं तर भांडतो.

दुसरी_वाट

तुम्ही देहदानाचं काही लिहिलेलं नाही, पण विचार करत असाल म्हणून सांगतो.

मावशीने देहदानाचा अर्ज भरला होता. कार्ड पर्समध्ये असायचं, सगळ्यांना हौसेने दाखवायची. एका संध्याकाळी रस्त्यावर अपघातात गेली. अपघात म्हटल्यावर शवविच्छेदन आलं, आणि शवविच्छेदन झालेलं शरीर वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, कारण शिकवण्यासाठी शरीर अखंड लागतं. ठरावीक संसर्गजन्य आजार असतील, शरीर खराब व्हायला लागलं असेल, किंवा प्रत्यारोपणासाठी मोठे अवयव काढलेले असतील, तरीही नकार येऊ शकतो. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. रात्री अकराला नकार कळला. देहदान नाही तर काय, हे मावशी कधी बोललीच नव्हती. मग तुमच्या घरी झालं तेच झालं. ज्याला काहीतरी माहीत होतं त्याने सूत्रं हातात घेतली.

तेव्हा देहदान लिहिणार असाल तर त्याखाली "ते न जमल्यास" असं लिहून पुढची ओळ भरा. डोळ्यांचं वेगळं असतं, देहदान करायचं असलं तरी कॉर्निया बहुतेक ठिकाणी देता येतो. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांपैकी काहीही त्याच्या आड येत नाही. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. अर्ज आधी भरलेला नसला तरी चालतं. घरच्यांनी संमती द्यावी लागते आणि फोन वेळेत करावा लागतो, बस.

आणखी एक, आधी लक्षात न येणारी बाब. देहदानात गाडी येते, सह्या होतात, गाडी जाते. घरचे दारात उभेच राहतात. निरोप घ्यायचा असेल तर गाडी यायच्या आधी घ्या, ते ठरवून ठेवा.

पानगळ

कोण बोलणार ते लिहून ठेवा. आणि त्याच्या जागी कोण, तेही. 1879 मध्ये वॉशिंग्टनला रॉबर्ट इंगरसॉलने भावाच्या अंत्यविधीत भाषण वाचलं. धर्मावर टीका करणारा, हजारोंच्या सभा गाजवणारा वक्ता. त्याने सुरुवातीलाच सांगितलं की जे भावाने माझ्यासाठी करायचं अनेकदा कबूल केलं होतं, ते आज मी त्याच्यासाठी करतो आहे. त्याचाही आवाज फुटला, वाचता येईना. माझ्या वडिलांच्या वेळी मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाता आलं नाही. पुढचं माझ्या भाच्याने वाचलं, कारण कागद होता.

सांजवारा

ताई, मी श्रद्धाळू आहे, माझं उत्तर इथे चालेल ना? ह्यांचा कशावर विश्वास नव्हता. ह्यांना जाऊन 3 वर्षं झाली.

ह्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर. विधी नको, दहन करा, दोन मिनिटं शांत उभे राहा, घरी जा. मी ते तसंच केलं. माझी नणंद वर्षभर माझ्याशी बोलली नाही. माहेरच्यांनी विचारलं, तुझ्या मनाला कसं पटलं? नाही पटलं. पण वहीत अक्षर ह्यांचं होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. ती दोन मिनिटं फार वाईट गेली. सगळे उभे. हातांचं काय करायचं ते कुणाला कळेना. दोन मिनिटं संपली की नाही, हेही कुणाला कळेना. विधी असला की पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कुणीतरी सांगतं. आता हे घ्या, आता हे ठेवा, आता मागे सरा. माणूस कोसळलेला असतो, त्याला तेवढा आधार लागतो. मी तिथे उभी होते आणि मला वाटत होतं की मी पडेन. शेवटी आमची नात, तेव्हा 6 वर्षांची, पुढे गेली आणि आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाली, "मी जाते हं." मग एकेक जण पुढे आला. कुणी हात धरला, कुणी कपाळाला हात लावला. ते पोरीला सुचलं नसतं तर आम्ही तसेच उभे राहिलो असतो.

ह्यांना स्वतःसाठी काही नको होतं, ते बरोबर. पण मागे राहणाऱ्यांना काय लागेल याचा विचार ह्यांनी केला नाही, असं मला आजही वाटतं. माझ्यावर खूप जीव होता ह्यांचा. विचार केला असता तर आणखी दोन ओळी नक्की लिहिल्या असत्या.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी माझी प्रार्थना केली. ह्यांच्यासाठी मागितलं. ह्यांचा शब्द मोडला असं मला वाटत नाही. तिकडे ह्यांचं ऐकलं, घरात माझं मन ऐकलं. पण आधी तासभर मी अंधारात बसून होते, करू की नको करत. ताई, तुमच्या कागदात आईसाठी एक ओळ ठेवा, म्हणजे तिला तसं बसावं लागणार नाही.

लाल_शाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उंबरठा, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. मी दादाकडे गेले आणि विचारलं. बाबा त्याच्याशी याबद्दल कधीच बोलले नव्हते. डोळ्यांचं तर त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं, तुझं मत सांगते आहेस." 14 महिने मी धरून चालले होते की त्याने बाबांची इच्छा डावलली. त्याला वाटत होतं की मी त्या घाईत वाद काढला. आम्ही दोघं खूप रडलो. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच एकत्र.

सांजवारा, तुमचं उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मला नुसतं "काही नको" एवढंच लिहायचं होतं. ते आता लिहिणार नाही. नवऱ्याने एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाची आठवण काढली. मेल्यावर काही उरत नाही, म्हणून मरणाला भ्यायचं कारण नाही, असं शिकवणारा माणूस. तो इसवी सनापूर्वी 270 च्या सुमारास गेला, आणि त्यानेही मृत्युपत्रात आपला वाढदिवस साजरा करण्याची आणि दर महिन्याच्या 20 तारखेला मित्रांनी जमण्याची तरतूद करून ठेवली होती. स्वतःला त्याचा काही उपयोग नाही हे त्याला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं.

तर कागद असा झाला आहे. सगळ्यात आधी डोळे, नेत्रपेढीचा नंबर आणि तो फोन कुणी करायचा: दादाने. मी मुद्दाम त्यालाच विचारलं आणि तो लगेच हो म्हणाला. मग देहदान, आणि ते न जमल्यास दहन. निर्णय नवऱ्याचा, तो नसेल तर मुलीचा, तेव्हा ती सज्ञान असेल तर. विधी नाहीत, पण प्रत्येकाने एकेक करून जवळ यावं, हात धरावा, जे बोलायचं ते बोलावं, घाई करू नये. मुलगी म्हणाली की ती बाबांनी मला लिहिलेलं एक पत्र वाचेल, कारण त्यात मी कशी आहे ते आहे. तिला नाही जमलं तर दादा वाचेल. माझं नाव नीट घ्यावं, हेही मी लिहिलं आहे. आणि शेवटी: घरी ज्याला जी प्रार्थना करावीशी वाटेल ती त्याने करावी, माझी हरकत नाही, उलट बरं वाटेल.

आईला दाखवायला सगळ्यात जास्त भीत होते. तिने शांतपणे वाचलं. शेवटच्या ओळीवर थोडी थांबली. मग विचारलं, "माझ्या वेळी तू माझं सगळं करशील ना?" मी म्हणाले, करेन, म्हणायचं ते सगळं म्हणेन. मग ती म्हणाली, "माझेही डोळे द्या." हे ती बाबांसाठी म्हणत होती की स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

नेत्रपेढीचा नंबर कपाटाच्या दाराला आतून लावायला मी चिठ्ठी लिहीत होते. तिने ती हातातून घेतली, लांब धरून पाहिली आणि परत दिली. म्हणाली, "आणखी मोठं लिही. त्या वेळी चष्मा सापडायचा नाही."